तुम्ही विचारलंत म्हणून: एका पेपरवरून पोरगा कसा कळतो?

"तासाभराच्या पेपरवरून आमचा पोरगा फौजेत टिकेल की नाही हे तुम्हाला कसं कळतं?" अग्निवीर भरतीत अ‍ॅडॅप्टॅबिलिटी टेस्ट, म्हणजे पोरगा फौजेच्या वातावरणाशी जुळवून घेईल का हे बघणारी चाचणी, आल्यापासून हा प्रश्न मला जरा जास्तच ऐकावा लागतो. ती टेस्ट माझी नाही. जवानांच्या स्वभावाच्या आणि ट्रेड, म्हणजे फौजेतलं काम, ठरवण्याच्या चाचण्यांवर मी काम केलं ते तिच्या आधी. तरी राग माझ्यावर निघतो, म्हणून एकदाच नीट सांगतो.

तुमच्या पोराबद्दल कळत नाही. हजार पोरांबद्दल कळतं. अमुक तऱ्हेची उत्तरं देणाऱ्यांत ट्रेनिंग अर्धवट सोडणारे जास्त निघतात, एवढंच आम्ही सांगू शकतो. त्यातला तुमचा कोणता, हे सांगायची ताकद कागदात नाही. हे मी नोकरीत असतानाही बोलत होतो. पण यादी लागते तेव्हा तिच्यात फक्त नावं असतात, शक्यता नसतात.

पाठांतर करून जमतं का, हेही विचारता. 'मला कधीच राग येत नाही' असं वाक्य दिलं तर सगळेच हो म्हणतात. त्यावर उपाय म्हणून दोन चांगली वाक्यं समोर ठेवून एकच निवडायला लावतात: 'हाती घेतलेलं काम मी तडीस नेतो' की 'अनोळखी लोकांत मी लगेच मिसळतो'? अमेरिकेच्या सैन्यात २००९ पासून घेतली जाणारी टापास ही चाचणी याच तत्त्वावर आहे. अशा जोड्या जुळवायला फार वेळ जातो, कारण दोन्ही वाक्यं लोकांना सारखीच चांगली वाटली पाहिजेत. क्लासवाल्यांनी कितीही गाइड छापली तरी इथे ती फारशी उपयोगाला येत नाहीत. या कामाचा मला आजही अभिमान आहे.

आता जे मी सहसा सांगत नाही ते.

एका ट्रेनिंग सेंटरमध्ये आम्ही नव्या प्रश्नावलीची चाचपणी करत होतो. भरती झालेले रिक्रूट बसवले होते, कुणाचं काही बिघडणार नाही असं ठरलं होतं, आणि कागद आमच्याकडेच राहायचे होते. तरीही मनाच्या स्थिरतेत कमी गुण पडलेल्यांची नावं वरून मागवली गेली. मी लेखी विरोध केला. नावं गेली. दोन दिवसांनी उसाच्या पट्ट्यातला एक मुलगा माझ्यासमोर सावधानमध्ये उभा राहिला. उस्तादांनी, म्हणजे ट्रेनिंग देणाऱ्यांनी, त्याला बाजूला घेऊन घरी काही भानगड आहे का विचारलं होतं. तो म्हणाला, "सर, माझ्यात काय खोट आहे?"

मी त्याचा कागद काढला. रेषेखाली तो गेला होता तो झोपेच्या प्रश्नांवर. 'रात्री मला वारंवार जाग येते' – हो. 'पहाटेपर्यंत जागा राहिलोय असं बऱ्याचदा झालंय' – हो. मी विचारलं, का रे? त्याला प्रश्नच कळेना. "सर, शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची असली की दारं धरायला मीच जायचो. आबांच्यानं होत नाही." दारं धरणं म्हणजे पिकाला पाणी देणं: सरी भरली की बारं मोडायचं, पुढची सरी धरायची, मोटर बंद पडली की विहिरीकडे पळायचं, वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षापासून. चिखलात, थंडीत, एकटा. फौजेला याहून वेगळा मुलगा कुठला हवा होता?

झोपेचा प्रश्न आम्ही शोधलेला नाही. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यात खचणारे सैनिक आधीच ओळखता यावेत म्हणून अमेरिकेत रॉबर्ट वुडवर्थ यांनी प्रश्नावली बनवली, तिच्यात 'झोप नीट लागते का' होतंच. ती तयार होईतो युद्ध संपलं, पण प्रश्न जगभर फिरत राहिला.

तेव्हाचा मी म्हणायचो, एका मुलावरून प्रश्न रद्द करत नाहीत, शेकडो मुलांत तो काम करतो का बघा. ते खोटं नव्हतं. ज्याला खरंच झोप लागत नाही त्याच्या हाती रायफल देऊन त्याला रात्रीच्या पहाऱ्यावर उभं करायचं, याची जोखीम मी आजही हलकी धरत नाही. पण शेकड्यांचा हिशोब मांडतो तो निवडलेल्यांचा असतो. नाकारलेला मुलगा घरी जातो, तो कसा निघाला असता हे कुठल्याच तक्त्यात येत नाही. म्हणजे चाचणी बरोबर ठरते तेव्हाही अर्धाच हिशोब तपासलेला असतो. हे कळत असूनही तो प्रश्न काढून टाका असं मी ठामपणे म्हणू शकत नाही.

एवढं मात्र मागतो. अधिकारी व्हायला जाणाऱ्या मुलाला एसएसबीत, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळापुढे, पाच दिवस मिळतात. सायकॉलॉजिस्ट, मुलाखत घेणारा अधिकारी आणि गटात कामं देऊन पारखणारा जीटीओ असे तिघं त्याला आपापल्या परीनं जोखतात, मग कॉन्फरन्समध्ये समोरासमोर बसतात. जवानाच्या भरतीत १६०० मीटर धावून आलेल्या पोराला, कागदानं अडवलंच तर, निदान पंधरा मिनिटं कुणीतरी समोर बसवून विचारावं: बाबा रे, जाग का येते? उमेदवार लाखांनी असतात, एवढी माणसं आणायची कुठून, असं मला दर वेळी ऐकवलं जातं. सगळ्यांशी बोला असं मी म्हणतच नाही. कागदावर अडलेल्यांशी बोला.