पोर्चमधल्या जुन्या लेथपासून शेडपर्यंत: आमची वाटचाल

जुने लेथ, म्हणजे लोखंडाचा तुकडा (जॉब) फिरवत ठेवून कापायचं मशीन, नीट करून द्यायचं आमचं काम, आणि सगळं सुरू झालं अशाच एका जुन्या लेथवरनं. साडेचार फुटी बेड (ज्यावर बाकीचे भाग बसतात आणि सरकतात तो लांब पाया), मैसूर किर्लोस्करचा, म्हणजे हरिहरच्या कारखान्यात बनलेला. तो कारखाना आता बंद आहे पण त्यांच्या कास्टिंगला आजही तोड नाही असं माझं मत आहे आणि ते मी कुणालाही सांगतो. मी तेव्हा हिंगणा एमआयडीसीत टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा, होतो, आयटीआय करून लागलेलो, नवीन मशीन घ्यायची ऐपत नव्हती, आणि कामठी रोडवर एक वर्कशॉप बंद होत होतं तिथे हा लेथ निघाला. हायड्रा क्रेनने मानेवाड्याच्या घराच्या गेटपर्यंत आणला आणि तिथून पुढे लोखंडी पाइपांवर सरकवत पोर्चमध्ये, पाऊण टनाच्या आसपास वजन, आईने तुळशीवृंदावन आधीच बाजूला घेऊन ठेवलं होतं.

घ्यायच्या आधी गल्लीतल्या काकाजींना सोबत नेलं होतं, रेल्वेतून टर्नर म्हणून रिटायर झालेले. तिथे दोन-तीन मशीन ताजा हिरवा रंग मारून चकाचक उभे होते, माझी नजर तिकडेच. काकाजी म्हणाले, "रंग काय पाहून राह्यला बाबू, सॅडल सरकवून पाह्य." त्यांनी सॅडल, म्हणजे बेडवर सरकणारा हत्याराचा भाग, चकजवळ (जॉब पकडतात त्या टोकाला) आणलं, तिथे लॉक इतकंच कसलं की जरा जड फिरेल, आणि मग टेलस्टॉककडे, म्हणजे दुसऱ्या टोकाला, नेलं. रंगवालं मशीन अर्ध्यातच जाम. कारण साधं आहे, लेथचं नव्वद टक्के काम चकजवळच्या फूट-दीड फुटात होतं, तिथला बेड झिजतो आणि टेलस्टॉककडचा बेड जवळपास कोरा राहतो, मग झिजलेल्या जागी कसलेलं सॅडल कोऱ्या जागी कसं जाईल? आमचा लेथ गंजलेला होता, रंग उडालेला होता, पण सॅडल शेवटपर्यंत गेलं. मग स्पिंडलला (चक फिरवणाऱ्या दांड्याला) बारीक हालचाल दाखवणारा डायल गेज लावून खाली लाकडी दांडा घालून उचकटून पाहिलं, काटा थोडासा हलून परत जागेवर आला, म्हणजे बेअरिंग ठीक. तिथेच व्यवहार झाला.

घरी आणल्यावर पहिलं काम साफसफाई, डिझेल आणि ब्रश. बेडवर आणि स्लाइडच्या घासणाऱ्या जागांवर पॉलिश पेपर मारायचा मोह होतो, मारू नका, त्याचे कण बिडात (ओतीव लोखंडात) रुतून बसतात आणि नंतर तेच घासत राहतात. हँडव्हील आणि चेंज गिअरचा गंज आम्ही धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात काढला, बॅटरी चार्जरची निगेटिव्ह गिअरला, पॉझिटिव्ह साध्या लोखंडाच्या पट्टीला. पट्टी स्टेनलेसची कधीच नको, त्याने पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं, आणि हे काम उघड्यावरच करायचं कारण बुडबुडे हायड्रोजनचे असतात.

खरी मेहनत क्रॉस स्लाइडची, म्हणजे सॅडलवरच्या आडव्या सरकणाऱ्या भागाची. प्रशियन ब्लू, म्हणजे खुणेचा निळा रंग, सपाट प्लेटवर अगदी पातळ लावायचा, त्यावर स्लाइड घासायची, जिथे निळं लागलं तो उंचवटा, तो स्क्रेपरने खरवडायचा, पुसायचं, परत ब्लू. काकाजी खुर्ची टाकून बसायचे आणि एका चौरस इंचात दहा-बारा ठिपके सारखे पसरलेले दिसेपर्यंत उठू द्यायचे नाहीत. बिडाची काळी भुकटी नखात जाते ती साबणाने निघत नाही. पण गिब (ढिलाई काढणारी पट्टी) बसवून हँडल फिरवलं तेव्हा ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखं फिरलं, त्या दिवशी मला कळलं की आपण हाच धंदा करणार.

लीड स्क्रू, म्हणजे आटे कापताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू, इंचाच्या मापाचा होता आणि 127 दातांचा गिअर गायब. हा गिअर नसला की मिलिमीटरचे आटे बरोबर निघत नाहीत, कारण एक इंच म्हणजे 25.4 मिमी आणि त्याची पाचपट 127, त्याहून लहान गिअरमध्ये हिशोब नेमका बसतच नाही. तो नवीन कापून घेतला. घरी सिंगल फेज, म्हणून व्हीएफडी (सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवणारं यंत्र) लावला आणि कमी व्होल्टेजवर पूर्ण ताकद मिळावी म्हणून मोटरच्या वायंडिंगचं कनेक्शन स्टारचं डेल्टा करून घेतलं. (ही गोष्ट बरेच जण विसरतात आणि मग म्हणतात मोटरमध्ये दम नाही.)

सुरुवातीला नोकरी सांभाळून संध्याकाळी जॉब करायचो. डाळ मिलचे शाफ्ट, पंपाचे बुश, कापसाचा सीझन लागला की वर्धा-हिंगणघाटकडून जिनिंगची कामं. मग नोकरी सोडली, शेड भाड्याने घेतली, थ्री फेज कनेक्शन आलं, आणि लोक जॉबपेक्षा जास्त हे विचारायला लागले की आमचाही लेथ असाच करून द्या ना. आता तेच आमचं मुख्य काम आहे, घेणारे बहुतेक आयटीआय करून स्वतःचं काही सुरू करणारी पोरं आणि गावाकडचे छोटे वर्कशॉपवाले.

बेड फारच खाल्लेला असेल तर ग्राइंडिंग करावं लागतं, पण मग सॅडल खाली बसतं आणि लीड स्क्रू आणि एप्रनची (सॅडलपुढच्या गिअरच्या डब्याची) लाइन चुकते, म्हणून सॅडलखाली टर्साइट, म्हणजे सहज घसरणाऱ्या प्लास्टिकची पट्टी, चिकटवून उंची परत आणावी लागते. कुणी नुसतं ग्राइंडिंग सांगून स्वस्तात देत असेल तर हे जरूर विचारा. मशीन जागेवर लेव्हल केल्यावर आम्ही चकमध्ये जाड बार धरतो, टेलस्टॉकचा आधार न देता, दोन टोकांना दोन कॉलर (गोल पट्टे) एकाच सेटिंगवर हलक्या कटने काढतो आणि गिऱ्हाइकाच्या हातात मायक्रोमीटर देतो. दोन मापांत जो फरक येईल तो कागदावर लिहून सही करून देतो, आकडे आवडले नाहीत तर मशीन नेऊ नये, लेव्हलिंग परत करू. हिशोब आणि हे कागद माझी बायको सांभाळते आणि आकडा लिहिलेला नसेल तर ती मशीन बाहेर जाऊ देत नाही.

आणि मे महिन्यात मापं घ्यायला सकाळीच या. 100 मिमी व्यासाचा स्टीलचा जॉब 10 डिग्रीने तापला की साधारण 0.012 मिमी फुगतो, आणि आपल्या नागपूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी सात आणि दुपारी दोनमध्ये फरक त्याहून जास्तच असतो. बारीक कामं आम्ही दहाच्या आत उरकतो, दुपारी फक्त रफ कटिंग आणि धुलाई. सध्या एक सहा फुटी उघडून ठेवलाय, हेडस्टॉकचे (चक फिरवणाऱ्या डोक्याचे) बेअरिंग यायचे आहेत, ज्यांना आतून पाहायचं आहे त्यांनी तो बंद व्हायच्या आधी येऊन जा.