बार्ले: पुढचं दार ज्या देशात, घर त्या देशाचं

आमच्याकडे घरून कुणी आलं की ट्यूलिपच्या बागांआधी मी त्यांना बार्लेला नेते. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनहून गाडीने तासाभराचा रस्ता. गाव एकच, देश दोन: बार्ले-नासाउ नेदरलँड्सचं आणि बार्ले-हर्टोख बेल्जियमचं. इथली सीमा म्हणजे गावातून गेलेली एक रेघ नव्हे. डच जमिनीत बेल्जियमचे 22 तुकडे विखुरलेत आणि त्यातल्या दोन मोठ्या तुकड्यांच्या पोटात पुन्हा 7 डच तुकडे!

मूळ आहे 1198 मधल्या जमीनवाटपात. ब्राबांट या तेव्हाच्या संस्थानाच्या ड्यूकने इथली काही जमीन ब्रेडाच्या सरदाराला दिली आणि ज्या जमिनींवर आपल्याला सारा देणारी कुळं होती, त्या स्वतःकडे ठेवल्या. पुढे सरदारी गेली, देश झाले, वाटणी मात्र तशीच राहिली. 1843 मध्ये सीमा आखताना इथे एकमत होईना, तेव्हा 5,700 हून जास्त जमिनींचा देश एकेक करून ठरवला गेला. जणू सातबाऱ्यावरच राष्ट्रीयत्व लिहिलं! शेवटची हद्द पक्की व्हायला 1995 उजाडलं.

फुटपाथवर पांढऱ्या फुल्यांची रांग दिसते. एका बाजूला ‘एनएल’, दुसरीकडे ‘बी’. ती रांग दुकानात शिरते, कॅफेच्या टेबलांखालून जाते, भिंतीत नाहीशी होते. घर दोन्हीकडे असेल तर पुढचं दार ज्या देशात, त्या देशाचं धरायचं. लोव्हरेन रस्त्यावरच्या एका घरात तर सीमा दारातूनच गेलीय, म्हणून त्या घराला नंबर दोन: डच 2 आणि बेल्जियन 19.

पहिल्या महायुद्धात जर्मनांनी जवळपास सगळा बेल्जियम घेतला, पण बार्ले-हर्टोखला हात लावता आला नाही, कारण तिथे जायचं तर तटस्थ नेदरलँड्स ओलांडावं लागलं असतं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये एका कपड्यांच्या दुकानाचा बेल्जियन भाग बंद आणि डच भाग चालू होता. मधे फक्त पट्टी लावलेली.

हे सगळं पाहताना मला नेहमी आपलं पश्चिम बंगालमधलं कूचबिहार आठवतं. भारत आणि बांगलादेशात असेच 162 तुकडे होते. तिथल्या माणसांना अनेक दशकं ना धड शाळा मिळाली, ना दवाखाना, ना वीज. 31 जुलै 2015 च्या मध्यरात्री अदलाबदल झाली, तेव्हा कुठे त्यांना देश मिळाला. नकाशा दोन्हीकडे सारखाच गुंतागुंतीचा होता. बार्लेत दोन महापौर आणि दोन नगरपालिका असूनही कचरा, रस्ते, पोलीस यांबद्दल एकमेकांशी बोलून मार्ग काढतात, हा खरा फरक. हे बोलणं कूचबिहारच्या लोकांच्या वाट्याला इतक्या उशिरा यावं, याचं मला फार वाईट वाटतं.

इकडे आलात तर ब्रेडा किंवा टिलबर्गहून बस मिळते. अर्धा दिवस पुरतो. घरांच्या नंबरांच्या पाट्या नीट बघा, त्यांवर झेंडे असतात.