रामटेक-मनसर एका दिवसात, पवनी मात्र वेगळी

नागपूरहून जबलपूर रस्त्याने सुमारे ४५ किलोमीटरवर मनसर, तिथून रामटेक जवळच. आधी मनसर करा. हिडिंबा टेकडीवर सावली जवळपास नाही आणि दुपारच्या भगभगीत उन्हात विटांच्या थरांतले उठावच दिसत नाहीत. इथले अवशेष विदर्भातल्या प्राचीन वाकाटक राजघराण्यातला राजा दुसरा प्रवरसेन याच्या काळातले, पाचव्या शतकातले मानतात. विटांच्या कडांवर पाय देऊ नका, त्या ठिसूळ आहेत.

रामटेकला बहुतेक लोक थेट रामाच्या देवळात जातात आणि खरा ऐवज चुकवतात. केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही दोन्ही वाकाटककालीन देवळे आधी पाहा. गाभाऱ्यातली प्रचंड बैठी मूर्ती अंधारात असते. डोळे सरावेपर्यंत थांबायचे. केवल नरसिंहाच्या भिंतीतला शिलालेख झिजलेला आहे. वाचता येणार नाही, पण पेटीसारख्या डोक्याची, म्हणजे माथ्यावर छोटा चौकोन असलेली, अक्षरे ओळखू येतात. पुढे मंडपातला वराह. प्रसाद पिशवीत झाकून न्या, माकडे सोडत नाहीत. अनवाणी फिरायचे तर उन्हाळ्यात फरशी पोळते, मोजे हवेतच.

पवनी याच दिवसात कोंबू नका. ते भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेकाठी, अगदी दुसऱ्या दिशेला. जगन्नाथ टेकडीवरच्या बौद्ध स्तूपाचे उत्खनन १९६९-७० मध्ये झाले. सांचीसारखा उभा घुमट मिळेल या आशेने गेलात तर हिरमोड होईल. जुन्या तटबंदीसाठी मात्र जरूर जा.