ती रडली की पाऊस पडतो

मागे एक कथा लिहिली होती मी. नवरा घर सोडून जातो, ती खिडकीत उभी राहून रडते आणि बाहेर अर्थातच धो धो पाऊस. वर विजा पण टाकल्या होत्या दोन-तीन. मैत्रिणीला वाचायला दिली तर ती म्हणे, हवामान खातं काय हिच्या घरी पाणी भरतं का गं? जाम राग आला तेव्हा. (बरोबर बोलली म्हणूनच आला.)

निसर्गाला माणसाच्या भावना चिकटवायच्या या सवयीला रस्किन या इंग्रज समीक्षकाने १८५६ मध्ये 'पॅथेटिक फॅलसी' असं नाव ठेवलं, आणि नावंही ठेवली. त्याचं म्हणणं साधं होतं, समुद्राचा फेस क्रूर नसतो, भावना अनावर झाल्या की आपल्याला तो तसा दिसतो. आता मला वाटतं की गोष्टीतल्या माणसाला तसा दिसला तर काहीच बिघडत नाही, उलट मजा तिथेच आहे, फक्त लेखकाने स्वतः त्यावर विश्वास ठेवू नये.

हे कालिदासाला आधीच माहीत होतं बघा. मेघदूतात तो सुरुवातीलाच सरळ सांगून टाकतो की ढग म्हणजे काय तर धूर, प्रकाश, पाणी आणि वारा यांचं गाठोडं, तो कुठला निरोप पोचवणार, पण प्रेमाने व्याकूळ झालेल्याला सजीव-निर्जीव कुठे कळतं! आणि मग खुशाल यक्षाला बोलू देतो. म्हणजे ढग आपल्यासाठी ढगच राहतो आणि तरी यक्षाचं त्याच्याशी बोलणं ऐकवत नाही इतकं आत जातं.

दुसरं माझं लाडकं उदाहरण टॉलस्टॉयच्या 'वॉर अँड पीस' कादंबरीतलं ओकचं झाड. १८०९ चा वसंत, प्रिन्स आंद्रेई बग्गीतून जंगलातून चाललाय, बर्च हिरवे झालेत आणि हा एकटा म्हातारा ओक वाकडातिकडा, एक पान नाही. आंद्रेईला वाटतं याचंच खरं, आपलं आयुष्य संपलं. वय किती तर एकतीस! मग एका रात्री वरच्या खिडकीतून चांदण्याने वेडावलेल्या नताशा नावाच्या मुलीचं बोलणं त्याच्या कानावर पडतं, आणि जूनमध्ये परतताना तो तेच झाड शोधतो तर आधी ओळखूच येत नाही, गच्च पालवी. आणि गंमत म्हणजे ओकला बर्चपेक्षा उशिराच पालवी फुटते, झाडाला कसलं दुःख नव्हतं की आनंद नव्हता, ते त्याच्या वेळापत्रकाने चाललं होतं. टॉलस्टॉयने झाडाला काहीच करायला लावलं नाही. आंद्रेईची नजर मात्र दोन्ही वेळा शंभर झाडं सोडून त्याच एका झाडावर गेली, आणि मनात काय चाललंय ते त्यातूनच कळतं.

सुखाच्या सीनला कोकीळ वगैरे टाकणाऱ्यांबद्दल मी बोलतच नाही.

तर परवा ती जुनी कथा उघडली आणि पाऊस काढून टाकला, विजा पण. आता बाहेर लख्ख ऊन आहे आणि ती खिडकीच्या कट्ट्यावर एका मुंगीकडे बघत बसलीये, मुंगी स्वतःपेक्षा मोठा कसलातरी पंख ओढतेय, सारखा पडतोय तो. पाऊण पान झालं, बाई अजून रडली नाहीये.