दुतोंड्या मारुतीच्या गळ्यात टेप

गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आम्ही नाशिककर किती क्युसेक सोडलं ते ऐकतो खरं, पण लगेच पुढचा प्रश्न असतो, "मारुतीला कुठवर लागलं?" रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती ही आमची पूरपट्टी. गुडघे, कंबर, छाती, गळा. मागच्या पावसाळ्यात भाचीला घेऊन होळकर पुलावर पूर बघत उभी होते. पाणी छातीला टेकलेलं. ती म्हणाली, "मावशी, सगळे त्याच्यावरच मोजतात. त्यालाच टेप देऊन टाक ना, तो सांगेल."

घरी येऊन वहीत काडेपेटीएवढी नऊ चित्रं काढली. उत्साहाच्या भरात सगळंच कोंबलं: भाजीच्या पाट्यांच्या होड्या, परातीत बसलेली शेळी, छत्र्या धरलेली कबुतरं, नारोशंकराच्या देवळातली घंटा वाजवणारा मासा. (वसईच्या विजयातली ती घंटा, तिला पाणी लागलं म्हणजे महापूर.) दुसऱ्या दिवशी वही उघडली तर वाढदिवसाचं कार्ड वाटलं. एकेक खोडत गेले. मासा खोडताना जीवावर आलं. शेवटी उरला मारुती, शिंप्यासारखी गळ्यात टाकलेली टेप आणि शेळी. शेळीला हात लावायची भाचीने परवानगी दिली नाही.

पूर ओसरल्यावर घाटावर जाऊन बसले. पायऱ्यांवर गाळ होता, झाडूवाले तो ओढत होते. तिथे मारुतीची चार रेखाटनं केली. दोन्ही तोंडं दोन दिशांना, त्यामुळे कुठूनही बसा, एक तोंड अंदाजानेच काढायचं.

खरी कुस्ती जलरंगांत झाली. ३०० जीएसएमच्या जाड कागदावर खिडकीच्या काचेवर धरून रेखाटन उतरवलं, मग तो बोर्डावर ताणला. शेंदरी मारुती आणि गढूळ पाणी, दोन्ही उबदार रंग. पहिल्या प्रयत्नात मारुती पाण्यात विरघळूनच गेला. मग पाण्याच्या यलो ऑकर आणि बर्न्ट सिएनात थोडा निळा अल्ट्रामरीन घालून ते मळवलं, आभाळ थंड राखाडी ठेवलं, तेव्हा शेंदूर पेटला. हौसेने काढलेलं प्रतिबिंबही काढून टाकलं. पुराच्या पाण्यात कसलं आलंय प्रतिबिंब! वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, ओला असताना ब्रशवरून पाण्याचा एक थेंब पडला आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग फुलला. पुसायला गेले नाही. तोच आता शेळीच्या परातीला आपटणारा फेस आहे.

टेपसाठी पांढरी जागा मास्किंग फ्लुइडने, म्हणजे रंग लागू न देणाऱ्या, वाळल्यावर सोलून काढायच्या रबरी द्रवाने झाकली होती. ते त्याच दिवशी काढायचं असतं. मी राहू दिलं दोन दिवस, तेही दमट हवेत. सोलताना कागदाची सालच निघाली. खरवडलेल्या जागी पांढरं गवाश, म्हणजे खालचं झाकणारा दाट रंग, भरलं आणि बारीक ब्रशने गळ्यापासून खाली आकडे टाकले: १, २, ३...

भाची बराच वेळ बघत होती. "मावशी, पाणी मोजायचंय ना? मग १ खाली हवा."

सगळे आकडे झाकून पुन्हा खालून लिहिले. जिथे साल निघाली होती तिथला ७ जरा फुगलाय.