एसएसवर (स्टेनलेस स्टीलवर) गंज आला कुठून?

आंबिया बहाराची संत्री नागपूरच्या कळमना बाजारात उतरायला लागली की हिंगणा एमआयडीसीतल्या आमच्या फॅब्रिकेशन शॉपवर रसाच्या युनिटांची कामं तुटून पडतात. त्याच घाईत एका युनिटचे सुपरवायझर टाकीचं झाकण घेऊन आले.

"भाऊ, ३०४ ग्रेडचं एसएस सांगून भलतंच स्टील लावलं जी तुम्ही. हे पाहा, गंज!"

झाकण उजेडात तिरपं धरलं. तपकिरी ठिपके सगळीकडे नव्हते. फक्त वेल्डच्या दोन्ही अंगांना, बोटभर पट्ट्यात, एकामागे एक, आणि त्या रेघाही ग्राइंडरवरचा तारांचा गोल ब्रश, म्हणजे व्हील, फिरतं तशा वळलेल्या. स्टीलच हलकं असतं तर गंज मन मानेल तिथे फुटला असता.

"यावर ब्रश कोणी मारला?"

"आमच्याच पोट्ट्यानं. पण ब्रश एसएसचाच होता, मी स्वतः आणला."

ते खरं बोलत होते. युनिटवर जाऊन पाहिलं तर तारा एसएसच्याच होत्या, पण मुळाशी लाल भुकटी बसलेली. टाकीचा एमएसचा, म्हणजे साध्या लोखंडी स्टीलचा, स्टँड रंगवण्याआधी त्याच व्हीलने खरवडला होता! ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम असतं. त्याच्या ऑक्साइडचा पातळ थर स्टीलला राखतो. व्हीलने लोखंडाचे कण त्या थरात रोवले आणि ओल लागताच ते कण गंजले. एकदा एमएसला लागलेला ब्रश एसएससाठी संपलाच, मग तार कितीही महागाची असो.

मला खरा संताप आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. व्हीलवर जास्तीत जास्त ६,००० आरपीएम (मिनिटाला फेरे) छापलेलं, हातातला ग्राइंडर ११,०००चा, आणि व्हील बसावं म्हणून गार्ड काढलेलं. अशा वेगात तार तुटली की सुईसारखी सुटते. डोळ्यात गेली तर? आणि टाकीत पडली तर थेट रसात!

झाकण आम्ही नव्या पॅडने हलकं घासलं, सायट्रिक ॲसिडने पॅसिव्हेशन केलं, म्हणजे रुतलेलं लोखंड विरघळवून राखणारा थर परत धरू दिला, भरपूर पाण्याने धुतलं. लोखंड उरलं का हे पाहायला कॉपर सल्फेटची चाचणी झटपट होते, पण खाण्यापिण्याच्या भांड्यांवर ती करत नाहीत. म्हणून झाकण ओलं करून रात्रभर ठेवलं. सकाळी एकही ठिपका नव्हता.

वेल्डचा काळपटपणा काढायला ०.३ मिमी तारेचं, लहरी तारांचं एसएस व्हील पुरतं. पीळ घातलेल्या जाड तारांचं व्हील एमएसच्या पापुद्र्यासाठी. पोट्ट्याला शेजारी उभं करून दाखवलं, काम तारेचं टोक करतं. दाबलं की तार वाकते, कुशीने घासते आणि तुटते. त्याला गार्ड परत बसवायला लावलं, चष्म्यावर फेसशील्ड दिलं. एसएसच्या ब्रशांना निळा पट्टा, एमएसच्यांना लाल. सुपरवायझरांनी दोन्हींची कपाटंही वेगळी केली, आणि निळ्याची किल्ली स्वतःकडे ठेवली.