फॉर्मवर तिचं नाव चुकीच्या रकान्यात होतं

मी मेलबर्नमध्ये फॅमिली व्हायलन्सच्या क्षेत्रात काम करते, म्हणजे घरात मारहाण, धमक्या, पैशांची कोंडी असलं सगळं सोसणाऱ्या बायकांची केस वर्कर. आधी पुण्यात एमएसडब्ल्यू, मग काही वर्षं तिकडेच समुपदेशन, मग लग्न आणि इकडे. आणि आता चाळिशी जवळ आल्यावर परत विद्यार्थिनी झालेय. डोमेस्टिक अँड फॅमिली व्हायलन्स याच विषयातलं ग्रॅज्युएट सर्टिफिकेट, चार विषय, सगळं ऑनलाइन, ट्युटोरियल संध्याकाळी, म्हणजे पोरगा शेजारच्या खोलीत गेम खेळत किंचाळतोय आणि मी कॅमेरा बंद करून कुकर लावतेय असा प्रकार.

आता कशाला शिकतेस, हा प्रश्न सासरचे माहेरचे सगळे विचारून झालेत. इथे व्हिक्टोरिया राज्यात 2015 ला या विषयावर रॉयल कमिशन, म्हणजे सरकारी चौकशी आयोग, बसलं होतं, 2016 ला त्याचा रिपोर्ट आला, 227 शिफारशी, आणि सरकारने सगळ्याच्या सगळ्या मान्य केल्या. त्यातलीच एक अशी की या कामात येणाऱ्यांना सोशल वर्कची डिग्री किंवा तेवढ्या तोडीचं शिक्षण हवं, नुसती तळमळ असून भागणार नाही. 1 जुलै 2021 पासून नव्या लोकांना ते लागू झालं. मी आधीपासून असल्यामुळे माझ्यावर सक्ती नव्हती. पण टीममध्ये नवीन आलेल्या पोरी मीटिंगमध्ये जे बोलायच्या त्यातलं अर्धं माझ्या डोक्यावरून जायला लागलं तेव्हा म्हटलं चला, भरा फी. (फी किती ते विचारू नका, नवऱ्याला अजून नीट आकडा सांगितलेला नाही.)

वर्गात कोण कोण आहे तर एक अँब्युलन्सवाला पॅरामेडिक, लहान बाळांच्या घरी जाणाऱ्या दोन नर्सेस, एक प्रोबेशन ऑफिसर, एक शाळेतली काउन्सेलर. मला पुस्तकांपेक्षा या मंडळींकडूनच जास्त मिळतं. पॅरामेडिक सांगतो ते आम्हाला ऑफिसात बसून कधीच दिसणार नाही, कारण तो रात्री दोन वाजता त्या घरात उभा असतो.

तर एका लेक्चरचा विषय होता, घरातल्या दोघांपैकी खरा हिंसा करणारा कोण हे ओळखायचं कसं. शिकवणाऱ्या बाई आधी इमर्जन्सीत नर्स होत्या. त्यांनी स्क्रीनवर पुरुषाच्या मनगटांचा फोटो लावला, ओरखडेच ओरखडे, आणि विचारलं हे कुणी कुणाला मारलंय? सगळे गप्प. मग सांगितलं की माणसाचा गळा आवळला जातो तेव्हा तो सुटण्यासाठी जे हाताला लागेल ते ओरबाडतो, समोरच्याचे हात, मनगटं, तोंड. म्हणजे रक्त गळा आवळणाऱ्याच्या अंगावर, आणि जिचा आवळला तिच्या मानेवर बऱ्याचदा काहीच दिसत नाही, साधा वळसुद्धा नाही. आत मात्र रक्तवाहिनीला इजा झालेली असू शकते आणि त्यातून काही दिवसांनी स्ट्रोकसुद्धा येऊ शकतो. मी नोट्स काढल्या, कुकरची शिट्टी झाली, विषय संपला.

त्यानंतर काही दिवसांनी, ज्या रात्री याच विषयावरची असाइनमेंट द्यायची होती त्याच दिवशी सकाळी एक रेफरल आला. (पुढचे तपशील बदललेत, आणि तिला विचारून लिहितेय.)

पोलीस घरी जाऊन आले की एक फॉर्म भरतात, आमच्या भाषेत एल-17, तो आमच्यासारख्यांपर्यंत येतो. त्यात एक रकाना पीडित व्यक्तीचा, एक जिच्याविरुद्ध तक्रार तिचा. मराठी आडनाव बघून मी उघडला तर दुसऱ्या रकान्यात बाई. नवरा पीडित. "दोन्ही मनगटांवर ओरखडे, रक्तस्राव." बाईबद्दल लिहिलेलं, आरडाओरडा करत होती, नंतर काही सांगायला तयार नव्हती. दुभाषा लागला का, तर नाही. तिला जागच्या जागी सेफ्टी नोटीस (घरापासून लांब राहा असा पोलिसांचा आदेश) देऊन घराबाहेर काढलेलं, रात्रीपुरती मोटेलमध्ये सोय करून दिलेली. दीड वर्षाचं लेकरू घरी बापाकडे.

मनगटं हा शब्द वाचला आणि मी चहाचा कप खाली ठेवला.

फोन लावला. आधी इंग्लिशमध्ये बोलले, ती नुसतं येस येस म्हणत होती, म्हणून मराठीत सुरुवात केली तर पलीकडे एकदम शांतता आणि मग, "अगंबाई, तुम्ही आपल्यातल्या आहात?" आवाज इतका बसलेला की शब्द कळेनात. मी म्हटलं, "घसा बसलाय का तुमचा?" तर म्हणे रात्रभर रडले ना ताई म्हणून असेल, आणि मला तू म्हणा हो.

या कामात एक गोष्ट आधीही माहीत होती पण कोर्सने हाडात मुरवली, ती म्हणजे "तुला मारलं का" असं विचारायचंच नाही. त्याला उत्तर नाही असंच येतं, कारण गळा धरणं हे बऱ्याच जणींच्या हिशेबात मारण्यात येतच नाही. एकेक गोष्ट सुटी विचारायची. मानेला कधी हात लावला का. श्वास अडकला का. डोळ्यांपुढे अंधारी आली का. गिळताना दुखतं का.

"गिळायला होतच नाहीये ताई. सकाळी चहा पण नाकातून आला."

मग हळूहळू सगळं आलं. ह्यांनी भिंतीला टेकवून गळा धरला, सासूबाई दारात उभ्या, बाळ त्यांच्या कडेवर. किती वेळ ते तिला सांगता येईना. आणि मग अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "माझे कपडे ओले झाले हो ताई, मला कळलंच नाही कधी झाले." आपण मरतोय असं वाटून ती ओरडली, ओरबाडलं, सुटली, बाथरूममध्ये पळाली. लाजेपायी आंघोळ केली, कपडे धुवायला टाकले, केस नीट केले. तेवढ्यात ह्यांनी स्वतःच पोलिसांना फोन लावलेला.

आता त्या पोलिसांच्या जागी उभं राहून बघा. रात्रीचे अकरा. दारात एक शांत माणूस, फाडफाड इंग्लिश, दोन्ही हातांतून रक्त. बाजूला त्याची आई रडतेय, ती मराठीत काहीतरी सांगतेय आणि त्याचं इंग्लिश कोण करतंय, तर तोच! आतून बाई येते, स्वच्छ, नीटनेटकी, अंगावर खूण नाही, आधी मराठीत ओरडते आणि मग एकदम गप्प. मला त्या दोन पोरांचा रागही धड करता येईना. राग आला तो दुभाषा न बोलावल्याचा, कारण 131 450 हा सरकारी दुभाष्यांचा नंबर चोवीस तास चालू असतो, फोनवर मराठी माणूस मिळू शकतो. तेवढं केलं असतं तरी त्या रात्रीचं चित्र पालटलं असतं.

पुण्यात असं या पद्धतीने झालं नसतं, हे मी त्या दिवशी वर्गातल्या ग्रुपवर लिहिलं पण. आपला 2005 चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा संरक्षण मागायचा हक्क फक्त बाईला देतो. इथला कायदा बाई पुरुष बघत नाही, ज्याला धोका त्याला संरक्षण, तत्त्व म्हणून ते मला पटतंच, पण मग धोका नेमका कुणाला हे ओळखणाऱ्याची नजर तयार नसली की कायदाच उलटा फिरतो. आणि दुसरं म्हणजे मुंबईत टिसने (टाटा समाजविज्ञान संस्थेने) 1984 पासून पोलिसांच्या आवारातच अशा बायकांसाठी स्पेशल सेल चालवलाय, तिथली ताई उठून साहेबांच्या टेबलापाशी जाऊन म्हणू शकते की साहेब हे जरा बघा. इथे मी आणि पोलीस यांच्यात फॉर्म, पोर्टल आणि ईमेल.

असो. पहिलं काम हॉस्पिटल. ती येईना, कारण तिचा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवरचा, मेडिकेअर (इथली सरकारी आरोग्य योजना) नाही, आणि इन्शुरन्सचं कार्ड ह्यांच्या फोनमधल्या अ‍ॅपमध्ये. बिल कोण भरणार? शिवाय तिला जायचं होतं घरी. बाळ अजून अंगावर पितं, तिची छाती दुधाने दगड झालेली, टीशर्ट ओला. "मी फक्त दोन मिनिटं जाऊन त्याला पाजून येते, मग कुठे म्हणाल तिथे येते."

हे नाही म्हणणं त्या दिवसातलं सगळ्यात अवघड. कारण नोटिशीत घराजवळ फिरकायचं नाही असं लिहिलेलं, आणि ती मोडली तर तो गुन्हा. नोटीस चुकीच्या माणसाला दिलीय हा बचाव दारात उभ्या पोलिसापुढे चालत नाही. नवऱ्याचे मेसेजही तेच सांगत होते, "ये ना, बाळ रडतंय", आणि त्याच्याच खाली "आता तुझा व्हिसा गेला समज". तिला म्हटलं हे डिलीट करू नकोस, स्क्रीनशॉट मला पाठव, आणि गाडीत बस. बाळाचं मी फोनवर बघते.

इमर्जन्सीत ट्रायजच्या, म्हणजे कुणाला आधी बघायचं ते ठरवणाऱ्या, नर्सला मी गळा आवळल्याचं सांगितलं, सोबत आवाज, गिळणं, ओले झालेले कपडे, सगळं क्रमाने. नर्सने मान वर करून बघितलं आणि आम्हाला थेट आत घेतलं. मानेच्या रक्तवाहिन्यांचा सीटी झाला. मोठी इजा नव्हती, पण पापण्यांच्या आत आणि कानामागे बारीक लाल ठिपके होते, टाचणीच्या टोकाएवढे, घरच्या दिव्यात कुणाला दिसणार नाहीत असे. डॉक्टरने ते एकेक मोजून लिहिले. तिथेच एका नर्सने ब्रेस्ट पंप आणून दिला, आणि ती इतक्या वेळात पहिल्यांदा रडली.

संध्याकाळी हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये बसून मी पोलिसांच्या फॅमिली व्हायलन्स युनिटला लिहिलं. "ती निर्दोष आहे" असलं काही लिहायचं नसतं. आमच्याकडे मरॅम नावाची रिस्क असेसमेंटची चौकट आहे, खरा आक्रमक ओळखण्याची वेगळी पद्धत आहे त्यात, त्या क्रमाने लिहिलं. पैसे कुणाच्या ताब्यात, फोन आणि व्हिसा कुणाच्या ताब्यात, कोण कुणाला घाबरतं, कुणाची जखम हल्ल्याची आणि कुणाची सुटकेची. सोबत डॉक्टरचा रिपोर्ट आणि स्क्रीनशॉट. तिचा जबाब मात्र नव्याने घ्या आणि तो अधिकृत दुभाषा लावूनच घ्या असं ठळक लिहिलं. मराठी येत असूनही मी दुभाषी होऊ शकत नाही, मी तिच्या बाजूची आहे, उद्या कोर्टात त्याच्या वकिलाने तेच धरलं असतं.

असाइनमेंट अर्थातच राहिली. ट्युटरला मेल केला, मुदत मिळाली. (त्यात ही केस वापरली नाही, वर्गात दिलेली काल्पनिकच लिहिली, आणि खरं सांगायचं तर ती फार गुळगुळीत होती, तिच्यात दुधाने ओला झालेला टीशर्ट नव्हता.)

युनिटमधल्या सार्जंट बाईंनी दुसऱ्याच दिवशी फोन केला. सेफ्टी नोटीस दिली की 14 दिवसांच्या आत कोर्टापुढे जावं लागतं, इथे त्याच्या बरंच आधी झालं. पोलिसांनी कोर्टातला तिच्याविरुद्धचा संरक्षण आदेशाचा अर्ज मागे घेतला आणि त्याच्याविरुद्ध नवीन केला, संरक्षणात ती आणि बाळ दोघं. तो घराबाहेर, ती घरात. गळा आवळण्याचा स्वतंत्र गुन्हा इथे ऑक्टोबर 2024 पासून लागू झालाय, क्वीन्सलंडने 2016 लाच केला होता, तर ती फौजदारी केस आता चालू आहे आणि त्यावर मी इथे बोलणार नाही. सासूबाई परत गेल्या. जाताना बाळाची आंघोळीची बादली घेऊन गेल्या, का ते कुणालाच कळलं नाही.

व्हिसाची लढाई वेगळीच आहे, ती वकिलाकडे. पण मला सध्या छळतंय ते दुसरंच. अर्ज मागे घेतला तरी पोलिसांच्या सिस्टीममध्ये त्या रात्रीची नोंद तशीच आहे, तिचं नाव अजून त्याच रकान्यात. उद्या फॅमिली कोर्टात मुलाच्या ताब्याचा विषय निघाला तर त्याचा वकील पहिल्यांदा तेच पान काढणार. नोंद दुरुस्त करायला पत्र दिलंय, एकदा उत्तर आलं की अमुक विभागाकडे पाठवा, तिकडे पाठवलं तर पोच आली फक्त. येत्या गुरुवारी त्यावर मीटिंग आहे, वेळ नेमकी ट्युटोरियलची.